महाडीबीटीवर कॉलेजच्या स्कॉलरशिपचा अर्ज कसा करायचा, आणि त्याआधी काय करून ठेवायचं

बारावीचा निकाल लागला की घरात सगळ्यांचं लक्ष कटऑफ, ब्रँच, कॉलेज यावर असतं आणि फीचं 'बघू नंतर' होतं, गडबड तिथेच सुरू होते. महाराष्ट्रात राज्य सरकारच्या बहुतेक कॉलेज शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या एकाच पोर्टलवर होतात, फॉर्म भरणं अवघड नाहीये, पण त्याला लागणारे कागद मिळायला आठवडे जातात, जात पडताळणीला तर कधी महिने. हक्काचे पैसे असूनही एका कागदापायी मुलं राहून जातात याचं फार वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आपण कुठल्या योजनेत बसतो ते बघा. ओपन कॅटेगरी असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, ज्याला सगळे अजून ईबीसीच म्हणतात. यात व्यावसायिक कोर्सची निम्मी ट्यूशन फी आणि निम्मी परीक्षा फी मिळते, एकूण फीच्या निम्मी नाही, हे नीट लक्षात घ्या. समजा ट्यूशन फी 80 हजार आणि डेव्हलपमेंट फी 10 हजार, तर सवलत 40 हजारांची, वरचे 10 हजार पूर्ण आपले. एका कुटुंबातल्या दोनच मुलांना हा लाभ मिळतो. ओबीसी मुलांनाही निम्मी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) आणि एसबीसीला (विशेष मागास प्रवर्ग) पूर्ण. मुलींसाठी जुलै 2024 च्या शासन निर्णयाने मोठा बदल झाला, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना 8 लाखांच्या आत उत्पन्न असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी 100 टक्के माफ. पण होस्टेल, मेस, डिपॉझिट त्यात नाही, त्याची सोय वेगळी बघावी लागते.

एससी आणि एसटी विद्यार्थ्यांना उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, फीसोबत निर्वाह भत्ताही मिळतो. उत्पन्न त्यापेक्षा जास्त असेल तर फ्रीशिप म्हणजे फी माफी बघा, अडीच लाख ओलांडले म्हणजे सगळं संपलं असं समजून बरेच पालक अर्जच करत नाहीत. सरकारी होस्टेलला नंबर लागला नाही तर एससी आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी स्वाधार योजना आहे, आणि अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. हा भत्ता शाहू महाराज शिष्यवृत्तीसोबत घेता येतो, पण अर्ज वेगळा करावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कोणी वेळेत सांगत नाही. इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीए असल्या कोर्सना अ‍ॅडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली तर उत्पन्न कितीही कमी असू दे, सवलत मिळत नाही, आणि खासगी विद्यापीठं, अभिमत विद्यापीठंही या योजनांत सहसा बसत नाहीत. 'आत्ता पैसे भरा, स्कॉलरशिप नंतर होऊन जाईल' असं कोणी म्हणालं तर सीट कुठल्या कोट्यातली आहे ते आधी लेखी विचारा. चार वर्षांच्या फीचा प्रश्न आहे.

कागदांत पहिला उत्पन्नाचा दाखला, तहसीलदाराचा, सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून निघतो. त्यावर कुठलं आर्थिक वर्ष आहे ते बघूनच घ्या, जुन्या वर्षाच्या दाखल्यावर अर्ज परत येतो. ईडब्ल्यूएसचा दाखला काढला म्हणून उत्पन्नाचा नको असं नाही, दोन्ही वेगळे. मग डोमिसाईल, लागू असेल तर जातीचा दाखला, व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र), नॉन क्रिमिलेअर, दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसी, रेशन कार्ड, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे ना ते आजच बघा, फरक असेल तर आधार दुरुस्तीला लगेच टाका.

बँक खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर हवं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, आधारशी जोडलेलं हवं. बँकेत केवायसीला आधार दिलं म्हणजे हे झालं असं नसतं, शाखेत जाऊन 'आधार सीडिंग करायचंय' असं स्पष्ट सांगा, नाहीतर अर्ज मंजूर होऊनही पैसे अडकतात.

मग फॉर्म. पोर्टलवर नवीन नोंदणी, आधारवर ओटीपी, आणि मोबाईल नंबर स्वतःचाच टाका. सायबर कॅफेवाल्याचा नंबर टाकला की पुढचे सगळे ओटीपी आणि मेसेज त्याच्याकडे जातात. प्रोफाईलमध्ये वैयक्तिक माहिती, पत्ता, आत्ताचा कोर्स, आधीचं शिक्षण, होस्टेल असं सगळं पूर्ण भरलं की पात्र योजनांची यादी दिसते. आपली योजना यादीत नसेल तर उत्पन्न, जात प्रवर्ग किंवा अ‍ॅडमिशनचा प्रकार कुठेतरी चुकीचा भरलाय, तो आधी तपासा. सबमिट केल्यावर प्रिंट काढून कागदांसह कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात द्या, कारण आधी कॉलेजचा क्लार्क, मग प्राचार्य आणि मग सरकारी कार्यालय असा अर्ज पुढे सरकतो, आणि बरेच अर्ज कॉलेजच्या लॉगिनलाच पडून असतात. आठवड्यातून एकदा स्टेटस बघा. 'सेंड बॅक' दिसलं तर शेरा वाचून लगेच दुरुस्त करून परत पाठवा. मुदत वाढते बऱ्याचदा, पण त्या भरवशावर राहू नका.

बीए, बीकॉम, बीएस्सी करणाऱ्यांनी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलही बघावं. बारावीत बोर्डाच्या वरच्या 20 टक्क्यांत असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर पदवीला वर्षाला 12 हजारांची केंद्राची योजना आहे, फक्त दुसरी शिष्यवृत्ती सोबत घेता येत नाही. एवढं करूनही पैसे कमी पडले तर शैक्षणिक कर्ज, साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, आणि निवडक संस्थांसाठीच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना 3 टक्के व्याज सवलत मिळते.

पुढच्या वर्षी आपोआप काही होत नाही, दरवर्षी रिन्यूअलचा फॉर्म भरावा लागतो. त्यासाठी मागच्या वर्षाची मार्कशीट, नवीन फी पावती आणि चालणारा उत्पन्नाचा दाखला लागतो, हजेरीही मोजली जाते, आणि वर्ष नापास झालं तर त्या वर्षीची रक्कम अडकू शकते.