नव्या रीफ टाकीतलं शेवाळ: आधी ओळखा, मग हात घाला

रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यातली प्रवाळांची टाकी, लावून एकोणीस दिवस झाले होते. सकाळी दिवा लागला तेव्हा कालपर्यंत पांढरी असलेली वाळू, वर कुणी नाचणीचं पीठ भुरभुरावं तशी तपकिरी झाली होती. काचेवरून बोट फिरवलं तर स्वच्छ रेघ उमटली आणि बोटावर पीठ आलं. दुकानदाराला फोटो पाठवला. उत्तर लगेच आलं, "ताई, शेवाळ मारायचं औषध आहे, घेऊन जा." मी ते आणलं नाही, आणि नवी टाकी लावणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते: पहिल्या तीन महिन्यांत औषध नको. टाकीत काय वाढतंय ते ओळखा. प्रत्येक शेवाळाची वेळ वेगळी, कारण वेगळं आणि उपायही वेगळा. एकाचा उपाय दुसऱ्याला खतपाणी ठरतो.

माझी टाकी डोंबिवलीत आहे, तीन बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे साधारण १९० लिटर. दगड कृत्रिम, कोरडे. माझं माहेर मालवण, त्यामुळे बाबांचा पहिला प्रश्न होता, "समुद्र दारात आसा गो, आणि तू मीठ इकत कित्याक घेतंस?" पण किनाऱ्याजवळच्या पाण्यात खाडीचा गाळ आणि सांडपाणी मिसळलेलं असतं, पावसाळ्यात खारटपणाही उतरतो. प्रवाळाचे दगड उचलण्याचा तर विचारही करू नका. सगळी दगडी प्रवाळं आणि सी फॅन (पंख्यासारखी प्रवाळं) १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणून माझ्याकडे फक्त झोअँथिड, मशरूम आणि लेदर कोरल आहेत, दगडी सांगाडा नसलेली मऊ प्रवाळं. कोरड्या दगडाची अडचण एवढीच की तो अगदी ओसाड असतो. मोकळ्या प्लॉटवर आधी तण उगवतं, तसं इथे जे झपाट्याने वाढतं ते आधी जागा धरतं.

ती तपकिरी पूड म्हणजे डायटम, एकपेशी सूक्ष्म शेवाळ. पाण्यातल्या सिलिकेटपासून ते आपलं कवच बांधतात. वाळूतलं आणि दगडांतलं सिलिकेट संपत आलं की आपोआप ओसरतात. रोज काच पुसायच्या मॅग्नेटने काच पुसा, वाळूला हात लावू नका. सहसा तीन-चार आठवड्यांत काम होतं.

माझ्याकडे सातवा आठवडा उजाडला तरी ते हटेनात. मग पाण्याकडे लक्ष गेलं. विकतचं मीठ कालवायला आणि टाकीत भर घालायला मी घरच्या प्यूरिफायरचं आरओ पाणी वापरत होते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला तर आकडा आला ३८, म्हणजे लिटरला ३८ मिलिग्रॅम. घरगुती आरओमध्ये चव आणि क्षार राहावेत म्हणून थोडं साधं पाणी मुद्दाम परत मिसळतात. आपल्याला ते चांगलं, टाकीला नाही. एप्रिल-मे महिन्यात पाण्यावर पंखा लावला की माझ्या टाकीतलं रोज तीनेक लिटर पाणी उडतं. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. त्या जागी ३८ टीडीएसचं तीन लिटर पाणी ओतलं की रोज शंभराहून जास्त मिलिग्रॅम नको ते टाकीत जातं, महिन्याला जवळपास साडेतीन ग्रॅम. म्हणून आरओच्या पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा, डबा लावा. आरओच्या नुसत्या मेम्ब्रेनमधून (गाळणाऱ्या पडद्यातून) थोडं सिलिकेट निसटतंच. मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. एक-दोन दिसायला लागलं की रेझिन बदला. नवा डबा लावल्यावर दोन आठवड्यांत माझी वाळू पांढरी झाली. इतर कशावर काटकसर करा, पाण्यावर करू नका.

पुढचं हिरवं, केसाळ. याला फॉस्फेट आणि नायट्रेट लागतं, आणि इथे टेस्ट किट हमखास फसवतं. दगड केसांनी भरलेला आणि फॉस्फेट ०.०२ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), असं कसं? कारण पाण्यात आलेलं शेवाळाने आधीच खाल्लेलं असतं. तेव्हा आकड्यावर न जाता ते हाताने काढा. पाणी बदलायच्या दिवशी टाकीचंच पाणी बादलीत घ्या, दगड त्यात धरा, आधी चिमटीने केस मुळापासून उपटा, मग जुन्या टूथब्रशने घासा, आणि ती बादली फेकून द्या. टाकीत घासलंत तर तुकडे तुकडे होऊन ते सगळीकडे पसरतं. दिवा सहा तासांवर आणा, पांढरे एलईडी मंद करा. फ्रोझन मायसिसचा (माशांना घालायच्या बारीक कोळंबीसारख्या जिवांचा) क्यूब चहाच्या गाळणीत वितळवून आरओ पाण्याने धुवा. ते गढूळ पाणी टाकीत गेलं की शेवाळाला मेजवानीच. स्किमरचा (फेसातून घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा) कप आणि फिल्टरचा कापूस दर तीन दिवसांनी साफ करा. दर आठवड्याला एक बादली, म्हणजे साधारण १० टक्के, पाणी बदला.

शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगायी शेवाळ दिसल्यावरच आणा, आधी आणल्यात तर उपाशी मरतात. माझ्या टाकीला पाच पुरल्या. पिशवीतून थेट सोडू नका, तासभर थेंब-थेंब पाणी देऊन सवय होऊ द्या, आणि पाय दगडाला टेकेल अशा ठेवा. पाठीवर पडलेल्या टर्बोला बहुतेकदा सुलटं होता येत नाही. रोज रात्री एक नजर टाकून पडलेली असेल ती उचलून ठेवायची.

वाळूवर लालसर-जांभळी साय धरली तर ते सायनोबॅक्टेरिया, शेवाळासारखे दिसणारे जिवाणू. साय अख्खी सोलून निघते, पाण्याची नळी लावून ओढून घ्या आणि वेव्हमेकरचं (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाचं) तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा. माझ्याकडे एवढ्यावर भागलं.

आता डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट, हेही एकपेशी जीव. यावर थोडं थांबते, कारण हे मी स्वतः ओढवून घेतलं. हिरव्या शेवाळाचा इतका धसका घेतला होता की तिसऱ्या महिन्यात फॉस्फेट शोषणारं माध्यम दुप्पट घातलं आणि माशांचं खाणं निम्मं केलं. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मला वाटलं, जिंकले. आठवड्याभरात दगडांवरून शेंबडासारखे तपकिरी धागे लोंबायला लागले, प्रत्येक धाग्याच्या टोकाला हवेचा बुडबुडा. सकाळी कमी, दुपारी दाट, रात्री जवळजवळ गायब. पाचांतल्या तीन गोगलगायी मेल्या. काही डायनो विषारी असतात. अन्न संपल्यावर बाकीचे स्पर्धक उपाशी मरतात आणि यांना रान मोकळं मिळतं.

शंका आली तर घरी तपासता येतं. थोडा चिकटा काचेच्या बरणीत घेऊन जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा, खाली आलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. त्यात परत धागे जमले तर डायनो. मी पाणी बदलणं थांबवलं, ते माध्यम काढून टाकलं, खाणं पूर्ववत केलं, आणि नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पर्यंत मुद्दाम वर नेलं. तीन दिवस टाकीवर जाड चादर आणि यूव्ही (फिरत्या पाण्यातले जीव मारणारा अतिनील दिवा) चालू, कारण काही जाती रात्री पाण्यात तरंगतात. वाळूतच राहणाऱ्या जातींवर यूव्ही चालत नाही. सगळं निवळायला सहा आठवडे लागले. हे आकडे आता मी भिंतीवर लिहून ठेवलेत, आणि नायट्रेट २ च्या खाली गेलं की एक क्यूब वाढवते.

पाचव्या महिन्यात मागच्या काचेवर मोहरीएवढे गुलाबी ठिपके दिसले. ते कोरलाइन, चुन्याचा कडक थर धरणारं शेवाळ. तेही शेवाळच, पण हवंहवंसं, दगडावर घट्ट बसून नको त्यांची जागा अडवणारं. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ८ ते ९ डीकेएच आणि कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास ठेवा, आणि मागची काच खरवडू नका.

गणपतीला गावी जाताना मात्र जपा. पहिल्या वर्षी शेजारच्या काकूंनी प्रेमाने, "अगं, उपाशीच दिसत होते गं," म्हणत पाच दिवसांत महिन्याचं खाणं घातलं आणि परत आल्यावर दगड पुन्हा हिरवे. आता गोळ्यांच्या सात कप्प्यांच्या डबीत रोजची चिमूट मोजून भरते, डबी काकूंकडे देते आणि खाण्याची बाटली सोबत मालवणला नेते.