सोलापूरचं जिओकॉइन काढून विकायचंय? आधी या चुका टाळा

नाणं काढायचं ठरलं की पहिला हिशोब सगळे सारखाच करतात. एक नाणं अडीचशेला पडेल, हजाराला जाईल, म्हणजे शंभर नाण्यांमागे पंचाहत्तर हजार सुटले! हा हिशोब चूक आहे, आणि पुढच्या बऱ्याच चुका त्याच्याच पोटातून निघतात.

छंद नवा असलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मे २०००च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. ३ मे रोजी ओरेगॉन राज्यात पहिला डबा लपवला गेला आणि जिओकॅशिंग सुरू झालं. अक्षांश-रेखांशावरून डबा शोधायचा आणि आतल्या वहीत नाव लिहायचं, एवढाच खेळ. जिओकॉइन म्हणजे अशा डब्यांतून हातोहात फिरणारं धातूचं नाणं. त्यावर कोरलेल्या क्रमांकामुळे त्याचा प्रवास जिओकॅशिंगच्या साइटवर नोंदवता येतो. आता बरीच नाणी फिरतच नाहीत, संग्राहकांच्या अल्बममध्ये जाऊन बसतात. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे हेच संग्राहक, आणि त्यातले बहुतेक अमेरिकेत, जर्मनीत. सोलापुरात दुकानाच्या काचेत ठेवून हे नाणं खपणार नाही.

हिशोब फक्त घडणावळीचा केला

आकडे समजण्यापुरते धरतो, तुमचे वेगळे येतील. शंभर नाणी, घडणावळ प्रत्येकी २५०, म्हणजे २५,०००. दोन्ही बाजूंच्या डायचे, म्हणजे छाप उठवणाऱ्या ठशांचे, ८,०००. नोंदणीचे क्रमांक आणि साइटवर दिसणारं स्वतःचं चिन्ह यांचे १५,०००. कुरिअर आणि कस्टम ड्युटी ७,०००. डब्या, पाकिटं, बबल रॅप २,०००. झाले ५७,०००.

शंभरपैकी विकायला शंभर हातात येत नाहीत. काहींचा रंग सांडलेला असतो, काही टपालात हरवलं तर भरपाईला ठेवावी लागतात, काही स्वतःच्या संग्रहात आणि मित्रांकडे जातात. ८५ उरली समजा. हजाराला विकलेल्या नाण्यातून पैसे स्वीकारण्याचा आणि चलन बदलण्याचा खर्च जाऊन साधारण ९५० हातात पडतात. म्हणजे साठ नाणी विकली जाईपर्यंत तुम्ही फक्त घातलेले पैसे परत मिळवता. सगळी ८५ गेली तर २३,७५० सुटतात. पन्नासवर अडकलात तर ९,५०० अंगावर येतात.

सगळा नफा शेवटच्या पंचवीस नाण्यांत आहे, हे नीट पाहा. आणि नेमकी तीच पंचवीस सगळ्यात सावकाश जातात. हौशी लोक पहिल्या पंधरवड्यात घेऊन मोकळे होतात, उरलेली नाणी कपाटात वर्षभर बसतात. या हिशोबात तुमच्या संध्याकाळी, पोस्टाच्या फेऱ्या आणि इमेलची उत्तरं कुठेच धरलेली नाहीत. स्वतःच्या वेळेला दाम लावलंत तर ते २३,७५०ही उरत नाहीत.

घडणावळ स्वस्त पडावी म्हणून शंभरऐवजी तीनशेची ऑर्डर देणं ही याच चुकीची मोठी बहीण. नगामागे चाळीस-पन्नास रुपये वाचतात आणि दोनशे नाणी पडून राहतात.

देवनागरी अक्षरं तशीच पाठवली

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या भाषेतल्या नाण्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

माझ्या पहिल्या नाण्यावर काठाने ‘सिद्धेश्वर तलाव, सोलापूर’ असं लिहायचं होतं. फाईल परदेशातल्या एका कारखान्याला पाठवली. तिकडच्या संगणकावर आपला फाँट नव्हता. ‘द्ध’ सुटून मध्ये पाय मोडलेला द आला आणि ‘सि’ची वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसली. प्रूफ, म्हणजे मंजुरीसाठीचं चित्र, आलं तेव्हा मी रंग आणि प्लेटिंग (वरचा मुलामा) तपासलं, मजकूर वाचला नाही. माझ्या डोक्यात तो बरोबरच होता. डाय तयार झाल्यावर लक्षात आलं आणि डायचे पैसे दुसऱ्यांदा भरावे लागले.

उपाय आपल्या फ्लेक्सवाल्यांना रोजचा पाठ आहे: फाईल कर्व्ह करून द्या. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचं कर्व्हमध्ये रूपांतर केलं की ती चित्र होतात, फाँट असो-नसो बिघडत नाहीत. आणि प्रूफ अशा माणसाला वाचायला द्या, ज्याने तुमचं डिझाइन आधी पाहिलेलं नाही.

दुसरी अडचण बारीकपणाची. जोडाक्षरांतली पोकळी, रफार, अनुस्वाराचा ठिपका या जागा इतक्या लहान असतात की इनॅमल (खळग्यांत भरायचा रंग) त्या भरून टाकतं किंवा प्लेटिंग बुजवतं. साधारण पाव मिलिमीटरहून बारीक रेघेवर भरवसा ठेवू नका. डिझाइन पडद्यावर मोठं करून पाहू नका, खऱ्या मापात, म्हणजे ४० ते ४५ मिलिमीटरमध्ये कागदावर छापा आणि हातभर अंतरावरून वाचा. चादरीच्या विणीचंही तेच. सोलापुरी चादरीची नक्षी नाण्यावर सुरेख दिसते, पण धागा न् धागा काढायला गेलात तर पृष्ठभाग नुसता खरखरीत होतो. दोन-तीन ठळक आकार उचला, बाकी सोडून द्या.

जुन्या नाण्यासारखा काळपट उठाव हवा असेल तर सॉफ्ट इनॅमल घ्या. हार्ड इनॅमलमध्ये रंग आणि धातू एका पातळीत घासले जातात, त्यात तो उठाव मिळत नाही.

अक्षांशाचा घोळ

सोलापूरचा अक्षांश दशांशात सुमारे १७.६६ अंश आहे. तो ‘१७ अंश ६६ मिनिटं’ असा छापू नका, मिनिटं साठाच्या पुढे जात नाहीत. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं वापरतात, त्यात तो १७ अंश ३९.६ मिनिटं होतो. संग्राहक हे पहिल्या नजरेत पकडतात.

चित्राची निवड

सिंहाची राजमुद्रा घेऊ नका. राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५चा कायदा आहे. रुपयाचं चिन्ह किंवा किमतीसारखा आकडाही टाळा, नाणं चलनासारखं दिसता कामा नये. देवाची मूर्ती नको, हे माझं ठाम मत. हे नाणं कधी झाडाच्या मुळाशी, चिखलातल्या डब्यात पडून राहणार आहे. तलाव, भुईकोटाचा बुरूज, गड्ड्याच्या यात्रेतले सात नंदीध्वज हे चालतं. नान्नजचा माळढोक तर उत्तमच: उडणाऱ्या पक्ष्यांतला अतिशय वजनदार, आता मोजकेच उरलेला. परदेशातल्या माणसाला एका ओळीत समजतो.

क्रमांक उघडा पडला

विक्रीसाठी फोटो काढताना नोंदणीचा गुप्त क्रमांक झाका. तो दिसला की कुणीही घरबसल्या ‘पाहिलं’ म्हणून नोंद करतो आणि घेणाऱ्याच्या दृष्टीने नाणं खराब होतं. तसंच नाणी साइटवर स्वतःच्या नावाने सक्रिय करून विकू नका, संग्राहकाला ते स्वतः करायचं असतं. माल आला की प्रत्येक नाण्यावरचा लेझरचा क्रमांक यादीशी ताडून पाहा. कंटाळवाणं काम आहे, पण करा.

टपाल आणि कर

कस्टमच्या फॉर्मवर नुसतं ‘कॉइन’ लिहिलं की पाकीट अडकू शकतं, कारण साध्या टपालातून चलनी नाणी पाठवायला बंधनं आहेत. जे आहे तेच स्पष्ट लिहा: मेटल सुव्हेनिर टोकन, चलन नाही. नियमित विक्री म्हणजे निर्यात, तेव्हा आयईसी (आयात-निर्यातीचा) क्रमांक काढून ठेवा आणि जीएसटीचं आपल्या सीएला आधीच विचारा. युरोपीय संघाने छोट्या पार्सलांवरची व्हॅटची सूट १ जुलै २०२१ला काढली, अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची ड्युटीमाफी २९ ऑगस्ट २०२५ला संपवली. त्या कराचा बोजा कुणावर, हे किंमत सांगतानाच लिहा, नाहीतर पार्सल न स्वीकारता परत येतं आणि दोन्ही वेळचं टपाल तुमच्या माथी बसतं.

मग परवडतं का?

धंदा म्हणून नाही. हौस स्वतःचा खर्च काढून देईल का, तर देईल, पण डाय बनवण्याआधी विक्री झाली असेल तर. चित्र दाखवा, घेणाऱ्यांची नावं वहीत लिहा, निम्मे पैसे आगाऊ घ्या. वरच्या हिशोबाने साठ नावं होईपर्यंत थांबा. ती होत नसतील तर क्रमांक न घेता, साधं स्मरणनाणं म्हणून पन्नासच काढा. खर्च बराच उतरतो.

माझ्या माळढोकच्या नाण्याला आजवर एकेचाळीस नावं आली आहेत. डाय अजून बनवायला दिलेला नाही.