मलप्रभेतले मरळ मोजायचे कसे?

आमच्या खानापूर भागात मलप्रभा नदीतल्या मरळांची संख्या मला हवी होती. सगळे मासे पकडायची गरज नाही. थोड्या मोठ्या माशांचा आणि पिल्लांचा डीएनए तपासून आई-बाप आणि पोरं यांच्या जोड्या जुळवल्या की अंदाज येतो: जोड्या जितक्या कमी, तितके नदीत मोठे मासे जास्त.

डीएनएसाठी शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा कापा आणि मासा लगेच पाण्यात सोडा. तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका, शाई पुसते. लांबी, तारीख, जागा लिहा. प्रत्येक माशानंतर कात्री धुवा, नाहीतर खोटी नाती निघतात.

मरळ पिल्लांची राखण करतो. म्हणून एका थव्यातलं एकच पिल्लू घ्या, आणि त्याच थव्याजवळचा मोठा मासा नमुन्यात धरू नका; जोड्या फुगतात, संख्या खोटी कमी दिसते. जिथे बाहेरून आणलेलं मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडलंय तिथे हे करूच नका, त्यांचे आई-बाप नदीत नसतातच.

प्रयोगशाळेतून जोड्या आल्या की हिशेब सोपा. प्रत्येक पिल्लाला दोन पालक, म्हणून २ × मोठे × पिल्लं ÷ जोड्या. समजा २०० मोठे, ३०० पिल्लं, २० जोड्या: ६,००० मोठे मासे. ऑस्ट्रेलियात ट्यूनासाठी सुमारे १४,००० नमुन्यांत ४५ जोड्या मिळाल्या होत्या, तेव्हा थोड्या जोड्यांनी खचू नका.