केके यांची गाणी कोणत्या क्रमाने आणि कशी ऐकावीत

केके म्हणजे कृष्णकुमार कुन्नथ यांचे नाव निघाले की बहुतेकांना विरहाची चारपाच गाणी आठवतात आणि बोलणे तिथेच थांबते. ती गाणी उत्तमच आहेत, पण तेवढ्यावरून या गायकाची ओळख होत नाही. केके यांचा गळा जाहिरातींच्या स्टुडिओत तयार झाला. पॉप अल्बम आणि चित्रपटसंगीत या दोन्ही ठिकाणी ते जवळजवळ एकाच वेळी स्थिरावले आणि पुढे दोन दशके त्यांनी त्या आवाजावरचा ताबा सुटू दिला नाही. हे समजून घ्यायचे असेल तर त्यांची गाणी काळाच्या क्रमाने आणि थोड्या तयारीने ऐकायला हवीत. ती तयारी कशी करावी आणि क्रम कसा लावावा, हे पुढे सांगितले आहे.

सुरुवातीला गाण्याची योग्य आवृत्ती शोधावी. इंटरनेटवर केके यांच्या गाण्यांच्या वेग कमी केलेल्या, घुमारा वाढवलेल्या किंवा पुन्हा मिश्रण केलेल्या असंख्य प्रती फिरतात. वेग कमी केला की स्वरही खाली उतरतो, त्यामुळे गायकाने कोणत्या उंचीवर गायले होते हेच कळेनासे होते. म्हणून चित्रपटाच्या किंवा अल्बमच्या मूळ ध्वनिमुद्रिकेतली प्रत घ्यावी, फोनमधले इक्वलायझर बंद करावे आणि साधे, पण दोन्ही कानांत नीट बसणारे हेडफोन वापरावेत. श्रेयनामावली तपासणेही तितकेच आवश्यक आहे. ‘गँगस्टर’ (२००६) या एकाच चित्रपटात संगीतकार प्रीतम यांनी केके, झुबीन गर्ग, जेम्स आणि अभिजीत अशा वेगवेगळ्या गायकांकडून गाणी गाऊन घेतली आहेत. त्यांतले केके यांचे गाणे ‘तू ही मेरी शब है’. ऐकीव माहितीवर विसंबून राहिल्यास दुसऱ्याचे श्रेय केके यांच्या नावावर जाते आणि तो त्या दुसऱ्या गायकावर अन्याय होतो.

गाणी लावण्यापूर्वी सुरुवातीची वर्षे थोडक्यात ध्यानात घ्यावीत. केके यांचा जन्म २३ ऑगस्ट १९६८ रोजी दिल्लीत एका मल्याळी कुटुंबात झाला. त्यांनी दिल्ली विद्यापीठाच्या किरोडीमल महाविद्यालयातून पदवी घेतली, काही महिने विक्रीच्या क्षेत्रात नोकरी केली, १९९१ मध्ये विवाह केला आणि १९९४ मध्ये ते मुंबईत आले. शास्त्रीय संगीताचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. किशोरकुमार हे त्यांचे दैवत होते आणि त्यांनीही असे शिक्षण घेतलेले नव्हते, ही गोष्ट केके यांना मोठा आधार वाटत असे. ऐकताना हे लक्षात ठेवावे, कारण त्यांच्या गाण्यात ताना-मुरक्यांची आरास जवळजवळ नाही. ते सरळ स्वर लावतात, तो पुरेसा वेळ धरून ठेवतात आणि शब्दाला स्वरापेक्षा कमी लेखत नाहीत.

मुंबईत त्यांनी लुई बँक्स, रणजित बारोट आणि लेस्ली लुईस या संगीतकारांना आपला आवाज ऐकवला आणि जाहिरातींचे काम सुरू झाले. चारेक वर्षांत ११ भाषांमध्ये सुमारे ३५०० जिंगल्स त्यांनी गायल्या, असा आकडा त्यांच्या परिचयात नेहमी दिला जातो. यांतल्या बहुतेक जिंगल्स आज मिळणार नाहीत, पण या कामाची पद्धत समजून घेणे पुढच्या ऐकण्यासाठी मोलाचे आहे. जिंगल दहा, वीस किंवा तीस सेकंदांची असते. गायकाला चाल तिथल्या तिथे शिकावी लागते, वस्तूचे नाव पहिल्याच खेपेला ऐकणाऱ्याला स्पष्ट कळावे लागते आणि सकाळी साबणासाठी आनंदी असलेला आवाज दुपारी कापडासाठी भारदस्त करावा लागतो. अंतऱ्यापर्यंत आवाज तापवत नेण्याची सवलत तिथे नसते. केके यांच्या कुठल्याही गाण्यातली पहिली ओळ या दृष्टीने ऐकावी. ती पहिल्या शब्दापासून पूर्ण भरलेली असते.

यानंतर ‘माचिस’ (१९९६) मधले ‘छोड आये हम’ घ्यावे. संगीत विशाल भारद्वाज यांचे, शब्द गुलजार यांचे आणि आवाज चार: हरिहरन, सुरेश वाडकर, विनोद सहगल आणि केके. हे गाणे कानांच्या कसरतीसारखे वापरावे. एकदा सलग ऐकावे आणि दुसऱ्यांदा प्रत्येक ओळीपुढे गायकाचे नाव लिहीत जावे. मराठी श्रोत्याला सुरेश वाडकरांचा आवाज ओळखीचा असल्यामुळे तिथून सुरुवात करणे सोपे जाते. हरिहरन आणि वाडकर यांच्या आवाजांतला रियाज बाजूला काढला की उरलेल्यांत केके यांचा कोवळा, किंचित धारदार स्वर हाती लागतो. पुढे ‘शेरदिल’ (२०२२) मधले, शंतनू मोइत्रा यांनी संगीत दिलेले ‘धूप पानी बहने दे’ हे केके यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेले गाणे ऐकाल तेव्हा त्याचेही शब्द गुलजार यांचे आहेत, याची नोंद आताच करून ठेवावी.

सर्वांत जास्त वेळ १९९९ या वर्षाला द्यावा. त्या वर्षी सोनी म्युझिकने ‘पल’ हा केके यांचा पहिला अल्बम काढला आणि त्याच वर्षी ‘हम दिल दे चुके सनम’ मधले ‘तडप तडप’ आले. अल्बमचे संगीत लेस्ली लुईस यांचे, चित्रपटाचे इस्माईल दरबार यांचे. दोन्हींचे गीतकार मात्र मेहबूब. एकच वर्ष, एकच गळा, एकच गीतकार आणि तरीही दोन पूर्णपणे वेगळी कामे असा योग अभ्यासकाला क्वचितच मिळतो. ‘पल’ आणि ‘यारों’ आधी ऐकावीत. इथे गायक कोणत्याही पात्राच्या तोंडचे गात नाही, स्वतःच्या वयाच्या माणसांशी बोलतो. म्हणून आवाजात जोर असूनही ताण नाही. शाळा-महाविद्यालयांच्या निरोप समारंभांत ही दोन गाणी गेली पंचवीस वर्षे गायली जातात, त्यामागे हा बोलका स्वर आहे असे मला ठामपणे वाटते.

मग ‘तडप तडप’ लावावे, शक्यतो हार्मोनियम किंवा तंबोऱ्याचे ॲप हाताशी घेऊन. आरंभीचा भाग तालाशिवाय, संथपणे, जवळजवळ स्वतःशी म्हटल्यासारखा आहे. तो संपेपर्यंत घाई करू नये. त्या भागातला सर्वांत खालचा स्वर हार्मोनियमवर शोधून त्यावर खूण करावी. ठेका सुरू झाल्यावर अंतऱ्यात आवाज जिथे सर्वांत वर जातो तो स्वर शोधावा आणि दोन्हींतले अंतर मोजावे. वरच्या स्वरावर पोचताना बरेच गायक आवाज पातळ करतात, काही जण नुसते ओरडतात. केके छातीतला भरदारपणा वरपर्यंत घेऊन जातात आणि त्या उंचीवरही व्यंजने स्पष्ट ठेवतात. दुःख इतक्या मोठ्या आवाजात मांडूनही ते भडक वाटत नाही, त्याचे श्रेय आरंभीच्या त्या संथ ओळींना आहे. या गाण्यासाठी त्यांना फिल्मफेअरचे नामांकन मिळाले. पुरस्कार त्याच चित्रपटातल्या दुसऱ्या गाण्यासाठी उदित नारायण यांना गेला. पुढेही अनेकदा नामांकने मिळूनही केके यांना फिल्मफेअर पुरस्कार कधीच मिळाला नाही, आणि हे मला आजही अन्यायाचे वाटते.

२००० नंतरची गाणी वर्षवार ऐकण्यापेक्षा संगीतकारांप्रमाणे गट करून ऐकावीत, कारण प्रत्येक संगीतकाराने या आवाजाचा वेगळा भाग वापरला आहे. ‘जिस्म’ (२००३) मध्ये एम. एम. क्रीम यांनी ‘आवारापन बंजारापन’ त्यांच्याकडून दबक्या, थकलेल्या स्वरात गाऊन घेतले. प्रीतम यांनी ‘लाइफ इन अ मेट्रो’ (२००७) मधल्या ‘अलविदा’मध्ये रॉकच्या गजरावर त्यांना मोकळे सोडले, तर ‘जन्नत’ (२००८) मधल्या ‘जरा सा’मध्ये आर्जव मागितले. विशाल-शेखर यांच्यासाठी ‘ओम शांति ओम’ (२००७) मधले ‘आँखों में तेरी’ आणि ‘बचना ऐ हसीनों’ (२००८) मधले ‘खुदा जाने’ पाठोपाठ ऐकावीत. पहिल्यात आवाज हलका, जवळजवळ हसरा आहे. दुसऱ्यात शिल्पा राव यांच्या साथीने तो मुखड्यातच वर झेपावतो. ‘दिल चाहता है’ (२००१) मधले ‘कोई कहे कहता रहे’ आणि ‘दस’ (२००५) मधले ‘दस बहाने’ ही नाचाची गाणी या गटांत मिसळून ठेवावीत, म्हणजे केके फक्त विरहाचेच, हा समज आपोआप दूर होतो.

दक्षिणेकडच्या गाण्यांकडे मराठी आणि हिंदी श्रोते सहसा वळत नाहीत, पण तिथे एक सुरेख तुलना करता येते. ए. आर. रहमान यांच्या ‘मिन्सारा कनवु’ (१९९७) मधले ‘स्ट्रॉबेरी कण्णे’ तमिळमध्ये केके यांनीच गायले आणि ‘सपने’ या हिंदी आवृत्तीतले ‘स्ट्रॉबेरी आँखें’ही त्यांनीच गायले. चाल एक, गळा एक, भाषा दोन. शब्दांचा अर्थ कळला नाही तरी जोर कोणत्या अक्षरावर पडतो आणि वाक्य कुठे तोडले जाते, हे ताडून पाहावे. पुढे ‘गिल्ली’ (२००४) मधले अनुराधा श्रीराम यांच्यासोबतचे ‘अप्पडी पोडु’ ऐकावे. त्यातला रांगडा उत्साह हिंदीत त्यांच्या वाट्याला फारसा आला नाही.

दुसरा अल्बम ‘हमसफर’ २००८ मध्ये आला. तो ‘पल’नंतर लगेच ऐकण्याचा मोह टाळून चित्रपटगीतांचे गट संपल्यावर ऐकावा, म्हणजे मधल्या वर्षांत आवाज किती भरला ते कळते. उत्तरकाळासाठी ‘बजरंगी भाईजान’ (२०१५) मधले ‘तू जो मिला’ आणि ‘८३’ (२०२१) मधले ‘ये हौसले’ पुरेशी आहेत.

३१ मे २०२२ रोजी कोलकात्याच्या नजरुल मंच येथील कार्यक्रमानंतर केके यांचे वयाच्या ५३ व्या वर्षी निधन झाले. त्या संध्याकाळच्या चित्रफिती सर्वत्र मिळतात. त्या चित्रफितींपासून अभ्यासाला सुरुवात करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. गर्दीत, फोनवर टिपलेल्या त्या ध्वनीत गायकाची तब्येत शोधण्याकडेच मन जाते आणि गाणे कानांत शिरतच नाही. त्यांचे प्रत्यक्ष गायन ऐकायचे असल्यास आधीच्या वर्षांतली, नीट ध्वनिमुद्रित झालेली मैफल निवडावी.

ज्यांना ही गाणी स्वतः गायची आहेत त्यांच्यासाठी थोडे अधिक. मूळ पट्टीचा हट्ट धरू नये. हार्मोनियमवर शोधलेला सर्वांत वरचा स्वर आपल्या गळ्यात सहज लागेल अशी पट्टी निवडावी, मग गाणे दोन-तीन स्वर खाली आले तरी हरकत नाही. कॅराओके ट्रॅक त्या पट्टीत बदलून घ्यावा आणि पहिले काही दिवस मुखडा बाजूला ठेवून फक्त अंतऱ्याचा सराव करावा, कारण दमछाक तिथेच होते. श्वास ओळीच्या मध्ये न घेता शब्द पूर्ण झाल्यावर घ्यावा आणि त्या जागा कागदावरच्या शब्दांत पेन्सिलीने आखून ठेवाव्यात.