बाळाचे नाव ठरवताना आणि नोंदवताना या चुका टाळा

माझ्या भाचीच्या नावाची सुरुवात 'ऋ'ने होते. जन्मदाखल्यावर ते रोमन लिपीत 'आर-यू' असे लिहिले गेले आणि शाळेच्या दाखल्यावर 'आर-आय' असे. पासपोर्टसाठी दोन्ही कागद शेजारी ठेवले, तेव्हा हा फरक घरात पहिल्यांदा लक्षात आला आणि पुढचे तीन महिने प्रतिज्ञापत्रे व अर्ज यांत गेले. नाव ठरवले, पण त्याची अक्षरे ठरवली नाहीत, ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते.

मराठीत 'ऋ'चा उच्चार 'रु' होतो, हिंदीत 'रि'. 'ज्ञ' आपण 'द्न्य' म्हणतो, हिंदी भाषक 'ग्य' म्हणतात. 'ळ'साठी रोमन लिपीत स्वतंत्र अक्षरच नाही आणि दीर्घ 'आ'साठी एक 'ए' लिहायचा की दोन, हे प्रत्येक जण आपल्या मनाने ठरवतो. देवनागरीतही निश्चिंत राहू नये. मराठी लेखननियमांनुसार व्यक्तिनामाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो, म्हणून 'अदिती' लिहायचे. संस्कृत व हिंदीच्या वळणाने तेच 'अदिति' होते आणि नोंदींत दोन्ही रूपे शिरतात. म्हणून दोन्ही लिप्यांतले नाव एका कागदावर ठळक लिहून तोच कागद नोंदणीच्या वेळी द्यावा; तोंडी सांगून काम भागवू नये.

दुसरी चूक अर्थाची. इंटरनेटवरील याद्यांत नावापुढे दिलेला अर्थ शब्दकोशात पाहिल्याशिवाय खरा मानू नये. 'अनिल' म्हणजे वारा आणि 'अनल' म्हणजे अग्नी. एका वेलांटीने अर्थ पार बदलतो.

नाव सुचत नाही म्हणून जन्माची नोंदच लांबवणे मात्र अगदी अनावश्यक आहे. जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची असते आणि ती नावाशिवायही देता येते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ नुसार नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क भरता येते, त्यानंतर विलंब शुल्कासह १५ वर्षांपर्यंत. उलट घाईने एखादे तात्पुरते नाव नोंदवून टाकणे धोक्याचे, कारण कलम १५ चुकीची नोंद दुरुस्त करण्यासाठी आहे, मत बदलले म्हणून दुसरे नाव घालण्यासाठी नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार, मतदारयादी अशा कामांत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरतो, त्यामुळे त्यावरील एकेका अक्षराचे मोल वाढले आहे.

महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे शासकीय दस्तऐवजांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहायची आहेत. तेव्हा निवडलेले नाव या चारही शब्दांसह एकदा मोठ्याने वाचून पाहावे आणि आईचे नावही तिच्या ओळखपत्रावर आहे तसेच लिहावे. लग्नानंतर बदललेल्या नावामुळे इथे हमखास गोंधळ होतो.

चूक झालीच असेल, तर अर्ज कुठे करायचा हे आधी नीट समजून घ्यावे. जन्माची नोंद राहत्या गावी होत नाही, जिथे जन्म झाला तिथे होते. त्यामुळे बाळंतपण माहेरी झाले असेल, तर दुरुस्तीचा अर्ज तिथल्याच ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत द्यावा लागतो.