अणुरचना आणि रासायनिक नियम : या चुका टाळा

नववी-दहावीच्या विज्ञानाच्या उत्तरपत्रिका तपासताना उत्तर न आल्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. येत असलेले उत्तर घाईपायी चुकते, त्याचा मात्र मनस्ताप होतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी माध्यमाची मुले एसएसएलसीच्या (कर्नाटकातील दहावीच्या) वर्षी ‘पासिंग पॅकेज’ची, म्हणजे पास होण्यापुरत्या निवडक प्रश्नोत्तरांची, पाने घोकत बसतात आणि अणू-रेणूंचा पाया नववीतच कच्चा सोडून आलेली असतात, त्यामुळे पुढच्या चुका दरवर्षी ठरलेल्या.

पहिली खोड म्हणजे समीकरण संतुलित करताना रेणुसूत्रालाच हात लावणे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी तयार होण्याचे समीकरण दिले, की डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू आहेत आणि उजवीकडे एकच, हे मुलांना लगेच दिसते. मग ती एच-टू-ओमधल्या ‘ओ’च्या पायाशी दोनचा आकडा लिहून मोकळी होतात. हिशेब जुळतो, पण पाणी पाणी राहत नाही. एच-टू-ओ-टू म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुण्याच्या औषधाच्या बाटलीवर ज्याचे नाव असते ते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ प्रूस्टने अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडलेला स्थिर प्रमाणाचा नियम येथेच उपयोगी पडतो. पाणी घरच्या विहिरीचे असो की कणकुंबीच्या मलप्रभेचे, ते शुद्ध केल्यावर त्यातील हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या वस्तुमानांचे प्रमाण १:८ असते, तर पेरॉक्साइडमध्ये ते १:१६ होते. (पाण्यासाठी हे प्रमाण २:१ लिहिणारे अणूंची संख्या आणि वस्तुमान यांत गल्लत करतात.) आकडा लिहायचा तो सूत्राच्या आधी: हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक, पाण्याचे दोन. सूत्रे लिहून झाली की प्रत्येक सूत्राभोवती मी पेन्सिलीने चौकट काढायला लावते आणि त्यानंतर चौकटीच्या आत कोणताही आकडा घालू देत नाही. यात वेळ जातो अशी तक्रार करणारी मुलेच समीकरण तीनदा खोडतात.

द्रव्य अक्षय्यतेचा नियम तर सर्वांना तोंडपाठ असतो, आणि तरीही तो प्रयोगात फसतो. खानापूर तालुक्यातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून गेले असताना दोन मुलींनी उघड्या चंचुपात्रात व्हिनेगर घेतले, शेजारी कागदावर खाण्याचा सोडा ठेवला आणि सगळे एकत्र इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलले. सोडा ओतताच फेस उसळला आणि काट्यावरचा आकडा भराभर उतरू लागला. मागच्या तक्त्यावर ‘आधीचे वस्तुमान = नंतरचे वस्तुमान’ असे आधीच रंगवून ठेवलेले असल्यामुळे एकीने तळहाताने आकडा झाकला आणि दुसरीने नियमाची व्याख्या आणखी मोठ्या आवाजात म्हणायला सुरुवात केली. मी तो हात काढायला लावला, कारण खरे शिकण्यासारखे त्या हाताखालीच होते. ८.४ ग्रॅम सोड्याची पूर्ण अभिक्रिया झाली तर ४.४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि त्यातील बराचसा हवेत निघून जातो. गुऱ्हाळात काहिलीभर रसाचा थोडा गूळ उरतो तेव्हा उरलेला रस नष्ट झाला असे कोणी म्हणत नाही, कारण वाफ डोळ्यांना दिसते. येथे वायू दिसत नाही, इतकाच फरक.

हा नियम मांडणाऱ्या लव्हाझिएनेही बंद भांड्यांचाच आधार घेतला होता. मात्र सोडा-व्हिनेगरच्या चंबूला घट्ट बूच लावू नये, दाबाने ते उडते. शंकुपात्रात सोडियम सल्फेटचे द्रावण घ्यावे, बेरियम क्लोराइडच्या द्रावणाची लहान परीक्षानळी दोऱ्याने आत टांगावी, बूच लावून तोलावे, मग पात्र तिरके करून दोन्ही द्रावणे मिसळावीत आणि पुन्हा तोलावे. पांढरा साका बसतो, आकडा बदलत नाही. बेरियम क्लोराइड विषारी असल्यामुळे हे शिक्षकांसमोरच करावे.

आपल्या भागातली एक खास अडचण अशी की शेजारच्या कन्नड माध्यमाच्या वह्यांत ‘अणु’ म्हणजे आपला रेणू असतो. त्या वह्या उतरवणारी मुले ऑक्सिजनच्या अणूचे वस्तुमान ३२ लिहितात. ते १६ आहे, ३२ रेणूचे.

क्लोरीनचे अणुवस्तुमान ३५.५, त्यातून १७ प्रोटॉन वजा करून ‘१८.५ न्यूट्रॉन’ लिहिणाऱ्यांनी अर्धा न्यूट्रॉन कोठे ठेवायचा याचा विचार करावा. सुमारे तीन चतुर्थांश अणू ३५ वस्तुमानांकाचे (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून ३५) आणि एक चतुर्थांश ३७चे असतात, ३५.५ ही त्यांची सरासरी आहे. न्यूट्रॉन १८ किंवा २०.

सोडियमचा आयन (विद्युतभारित अणू) होताना इलेक्ट्रॉन जातो, प्रोटॉन ११च राहतात.

रदरफोर्डच्या प्रयोगात बहुतेक अल्फा कण सोन्याच्या पत्र्यातून सरळ पार गेले. उलट फिरले ते अगदी मोजके. गाइडांतल्या आकृत्यांत उलटे बाण ठळक असतात, म्हणून मुले नेमके उलटे लिहितात.

पोटॅशियमचे इलेक्ट्रॉन संरूपण (कवचांतील इलेक्ट्रॉनांची मांडणी) २, ८, ९ नाही. तिसऱ्या कवचात १८ मावतात हे खरे, पण बाह्यतम कवचात आठांहून अधिक राहत नाहीत, म्हणून २, ८, ८, १. कॅल्शियमचे त्याच कारणाने २, ८, ८, २.