ऑपरेशननंतर बिअर्डेड ड्रॅगनला घरी कसं सांभाळावं, आणि बिघाड वेळेत कसा ओळखावा

अडकलेली अंडी काढली असोत, गळू काढलं असो किंवा शेपटीचा सडलेला भाग कापला असो, बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याची जखम भरायला वेळ लागतो. कुत्र्यामांजराचे टाके साधारण १० ते १४ दिवसांत निघतात. ड्रॅगनचे बहुतेक वेळा ४ ते ६ आठवडे ठेवावे लागतात. त्यातून हा प्राणी दुखणं लपवण्यात पटाईत. तो मलूल दिसायला लागतो तोवर बिघाड बराच पुढे गेलेला असतो. म्हणून नुसतं ‘बरा दिसतोय’ यावर विसंबू नये. रोज मोजावं आणि लिहून ठेवावं.

दवाखान्यातून निघण्याआधी

ग्रॅममध्ये वजन किती, टाके विरघळणारे की काढायचे, वेदनाशामकाचा पुढचा डोस कधी, ही उत्तरं कागदावर घ्या. पुण्यात कुत्र्यामांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, पण सरड्यावर हात बसलेले मोजकेच. रात्री काही झालं तर कुठे जायचं, हे डॉक्टरांना त्याच वेळी विचारून घ्या. रात्री दोन वाजता नंबर शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

घरी नेताना उघड्या पिंजऱ्यात किंवा जॅकेटच्या आत घालून दुचाकीवरून नेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, आणि भूल नुकती उतरलेला प्राणी त्या वाऱ्यात काही मिनिटांत गार पडतो. भोकं पाडलेला थर्माकोलचा डबा घ्या, आत टॉवेलमध्ये गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवा आणि शक्यतो रिक्षा करा.

पहिली पायरी: ऊब

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. ड्रॅगन स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता तयार करत नाही. अंग गार असेल तर अन्न पचत नाही, रोगाशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, जखम भरत नाही आणि अँटिबायोटिकही नीट लागू पडत नाही. घरी आल्यावर होणाऱ्या अनेक त्रासांचं मूळ अपुऱ्या उबेत सापडतं.

तो राहतो त्या टाकीत ऊब देणाऱ्या दिव्याखालच्या जागेचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश सेल्सिअस हवा आणि टाकीची दुसरी बाजू २५ ते २८. डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. बरं होईपर्यंत रात्री २४ च्या खाली जाऊ देऊ नका. त्यासाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावा. तापमान हाताने अजमावू नका, तारेचा डिजिटल थर्मामीटर वापरा. तापणारे दगड काढून टाका, कारण पोट भाजलं तरी तो उठत नाही. यूव्हीबी (अतिनील किरणं देणारी) ट्यूबही चालू राहू द्या. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन कितीही कोवळं असलं तरी त्यातून यूव्हीबी जवळजवळ मिळत नाही.

गुरुवारी महावितरणचं दुरुस्तीचं काम निघालं की काही भागांत तासन् तास वीज नसते. घरचा इन्व्हर्टर हीटर किती वेळ ओढतो हे आधीच तपासा आणि तो थर्माकोलचा डबा फेकू नका.

वाळू, फांद्या, चढायचे दगड बाहेर काढा. तळाला पांढरा टिश्यू पेपर अंथरा. त्यावर रक्ताचा थेंब किंवा पाझरलेला द्रव लगेच दिसतो.

दुसरी पायरी: रोजची नोंद

सकाळी खाण्याआधी स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर डबा ठेवून वजन करा. काटा आणि डबा यापुढे फक्त त्याच्यासाठीच ठेवा. सरड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा जंतू असू शकतो, त्यामुळे त्याची भांडी ओट्यावरच्या सिंकमध्ये धुऊ नका आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवा. घरी लहान मूल असेल तर जास्तच जपा.

वजनात १० टक्के घट झाली की डॉक्टरांना कळवायचं. ४०० ग्रॅमच्या ड्रॅगनसाठी म्हणजे ४० ग्रॅम. विष्ठेसोबत येणारा युरेटचा (घट्ट लघवीचा) भाग पांढरा आणि मऊ असावा. तो पिवळा, केशरी किंवा खडूसारखा कडक झाला तर शरीरात पाणी कमी पडतंय. खोल गेलेले डोळे आणि सैल सुरकुतलेली कातडी हेच सांगतात. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक चालू असताना पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून अशा वेळी पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. पॅरासिटामॉल वगैरे माणसांची औषधं मनाने अजिबात देऊ नका.

तिसरी पायरी: जखम

रोज त्याच उजेडात, त्याच अंतरावरून फोटो काढा. आजचा आणि परवाचा शेजारी ठेवला की फरक डोळ्यांत भरतो. टाक्यांच्या कडा किंचित उचललेल्या दिसणं साधारणपणे ठीक आहे, कारण सरड्यांची कातडी बहुधा मुद्दाम तशी शिवतात. पण कडांमध्ये फट, वाढती सूज, वास, काळी पडणारी कातडी ही लक्षणं दिसली की फोटो पाठवून वाट बघू नका, प्राणी घेऊन जा. सरड्यांचा पू वाहत नाही, घट्ट पनीरसारखा साचतो. त्यामुळे बाहेरून कोरडी जखम आत पिकलेली असू शकते. टाक्याखाली कडक गाठ लागली तर ती दाबून बघू नका.

हळद लावायची नाही. आपल्याकडे हात आपसूक हळदीच्या डब्याकडे जातो, पण टाक्यांवर ती पूड चिकटते आणि खालचा रंग झाकून टाकते. हायड्रोजन पेरॉक्साइड, माणसांची मलमं हेही नको. पुसायला काय वापरायचं ते डॉक्टर सांगतील. त्यांनी परवानगी देईपर्यंत कोमट पाण्यात बसवणंही बंद.

मुंग्या आणि माश्यांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. पावसाळ्यात जखमेवर माशी बसली की अळ्या पडू शकतात. टाकीला बारीक जाळी लावा, टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. न खाल्लेले क्रिकेट (रातकिडे) लगेच उचला, रात्री ते टाके कुरतडतात.

चौथी पायरी: खाणं-पिणं

धडधाकट प्रौढ ड्रॅगन पहिले काही दिवस खात नाही, तेवढ्याने घाबरू नका. आधी तापमान तपासा, मग नाकाच्या टोकावर पाण्याचे थेंब सोडा आणि त्याला स्वतः चाटू द्या. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं आणि सरड्याला आपल्यासारखं खोकून पाणी बाहेर टाकता येत नाही. म्हणून सिरिंज तोंडात घालायची ती डॉक्टरांनी हातात धरून शिकवल्यावरच. अंग गार असताना तर काहीही भरवू नका.

आतड्याचं ऑपरेशन असेल तर कधी आणि काय द्यायचं हे डॉक्टरच ठरवतील. इतरांना शेवग्याचा कोवळा पाला, किसलेला लाल भोपळा, जास्वंदीच्या पाकळ्या देऊन बघा. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. मेच्या शेवटी मावळात काजवे दिसू लागतात. ते पकडून देऊ नका, एखादा काजवाही ड्रॅगनचा जीव घेऊ शकतो.

ताबडतोब निघायचं कधी

बोटं किंवा पाय थरथरणं, विशेषतः अंडी काढलेल्या मादीत, हे कॅल्शियम घसरल्याचं लक्षण असू शकतं. दिव्यापासून दूर असतानाही तोंड उघडून श्वास घेणं, नाकातोंडातून बुडबुडे, तासन् तास काळी राहणारी दाढी (गळ्याखालची कातडी) आणि सोबत निपचितपणा, टाके उसवणं. शेपटीखालच्या छिद्रातून मांसल भाग बाहेर आला तर आत ढकलू नका. सलाइनने भिजवलेली स्वच्छ गॉज त्यावर ठेवा आणि निघा.

टाके निघाल्यावर

टाके निघण्याआधीच कात टाकायला लागला तर टाक्यांजवळची कात ओढू नका. पुढच्या एखाद-दोन कातींमध्ये व्रणावरची कातडी हळूहळू मोकळी होते. फांद्या एकेक करून, आधी बुटकी, अशा परत ठेवा. नोंद मात्र वजन ऑपरेशनआधीच्या आकड्यावर येऊन टिकेपर्यंत चालू ठेवा.